शेजारच्या सीटवरचा गारवा

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर जातोय, हे बाबांनी आवाजावरूनच ओळखलं होतं. शेजारच्या सीटवर बसून ते रोज सांगायचे, "एसी लावला की खट्ट होतंय बघ. हवाही कोमट येतेय. दाखवून घे एकदा."

"बघू हो बाबा," ती म्हणायची आणि कामाच्या रगाड्यात ते राहून जायचं.

मग एका भर दुपारी एसी चालू ठेवून, एकट्यानं उतरता न येणाऱ्या बाबांना गाडीत बसवून ती बँकेत गेली. पाच मिनिटांच्या कामाला तास लागला. परतली तेव्हा गाडीची भट्टी झाली होती आणि बाबांची मान कलली होती.

बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी तिनं गाडी गॅरेजमध्ये नेली.

"पार जाम झालाय, ताई," मेकॅनिक म्हणाला. त्यानं कॉम्प्रेसर काढून टेबलावर ठेवला. "नवा उद्या येईल. तोवर नुसता पंखा चालेल, गार काही व्हायचं नाही."

कागदपत्रं घ्यायला ती गाडीत बसली. सवयीनं किल्ली फिरवली. तिच्या तोंडावर गरम वाफ आली. शेजारच्या सीटकडे मात्र बर्फासारखा झोत वाहत होता. तिनं झोतासमोर हात धरला. अंगावर काटा आला.

"तेव्हाच ऐकायला हवं होतं, बाबा," ती पुटपुटली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.

झोताची दिशा बदलायची तर जाळी हातानंच फिरवावी लागते. तिचे दोन्ही हात चेहऱ्यावर होते.

कर्र आवाज झाला. जाळी सावकाश वळली आणि गार हवा तिच्या केसांवरून फिरू लागली.