दोन तासांची जागा

"काकू, तुम्हाला बोलता येणार नाही," कारकून म्हणाला आणि त्याने फॉर्म फिरवून पोस्टातल्या बाईंपुढे धरला. "इथं बघा. 'पार्किंग शुल्कास आपली हरकत आहे काय?' तुम्ही लिहिलंय, 'नाही'. ही सुनावणी हरकती ऐकायला आहे."

बाईंनी चष्मा वर सरकवला. अक्षर त्यांचंच होतं, ठसठशीत, कुठे खाडाखोड नाही. एकतीस वर्षं त्यांनी पोस्टाच्या काउंटरवरून लोकांचे चुकलेले फॉर्म परत केले होते. निवृत्तीनंतरही त्यांचं नाव पोस्टातल्या बाई असंच राहिलं. विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर लिहायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"पण शुल्काला माझी हरकत नाहीच आहे हो. दुप्पट घ्या. माझी हरकत वेळेला आहे. पार्किंग मीटरवर दोनच तास गाडी ठेवता येते, आणि यजमानांचं डायलिसिस चार तास चालतं."

"तसा रकाना कुठंय यात?"

रकाना नव्हताच. बाकीच्या बासष्ट जणांनी प्रश्न न वाचताच 'आहे' ठोकून दिलं होतं आणि आता ते वाटेल ते बोलायला मोकळे होते. एक जण तर भटक्या कुत्र्यांवरच तीन मिनिटं बोलून गेला. सध्या कापड दुकानदार माईक धरून, मीटर लागल्यापासून गिऱ्हाईक कसं तुटलं ते घसा ताणून सांगत होता. प्रश्न नीट वाचणारी बाई तेवढी मागच्या टेबलाशी ताटकळत उभी. कुणाला काय म्हणायचं!

महिनाभर मीटर प्रायोगिक म्हणून लागले होते. यजमानांना तिसऱ्या मजल्यावर मशीनला लावायचं, दोन तास भरत आले की खाली पळायचं, गाडी काढायची आणि दुसऱ्या जागेसाठी गल्ल्या पालथ्या घालायच्या. त्याच जागेचं मीटर त्याच गाडीचे पुन्हा पैसे घेत नव्हतं. गेल्या मंगळवारी जागा मिळायला पाऊण तास गेला. बाई धापा टाकत वर आल्या, तर यजमानांचं बीपी एकदम उतरलेलं, पाय उशीवर चढवलेले, आणि ते विचारत होते, "ही कुठं गेली?"

घरी आल्यावर ते म्हणाले होते, "तुझी ही फरफट मला बघवत नाही. सुनावणीत चार तास मिळाले तर ठीक. नाहीतर मी आता डायलिसिसला जाणं बंद करतो." ते चिडून बोलले असते तर बाईंनी मनावर घेतलं नसतं. ते अगदी शांतपणे बोलले होते. आजही ते इथून दोन चौक पलीकडे मशीनवरच होते, निकालाची वाट बघत.

"मग खोडून 'आहे' लिहू का?" बाईंनी पर्समधून पेन काढलं.

"जमा झालेल्या फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, काकू."

हेच वाक्य, याच सुरात, त्यांनी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल! "बरोबर आहे तुमचं," त्या सवयीने म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

कारकुनाने बाईंचा फॉर्म वर ठेवून गठ्ठा अध्यक्षांकडे नेला आणि बाईंकडे बोट केलं. अध्यक्षांनी वरचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एकूण त्रेसष्ट फॉर्म. बासष्ट विरोधात, एक बाजूने. भर सभेत एकटीनं पाठिंबा द्यायला धाडस लागतं, बाई. तुमच्यासारखे समजूतदार नागरिक हवेत."

सगळ्या माना मागे वळल्या. "हिच्याकडे गाडी नसणार," कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. कापड दुकानदार माईक सोडून आपल्या खुर्चीवर येऊन बसला, बाईंच्या अगदी पुढ्यात.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडे नर्सने फोन यजमानांच्या कानाशी धरला होता.

"बोललीस?"

हो म्हणाल्या असत्या तर शनिवारच्या डायलिसिसपुरतं तरी भागलं असतं. पण खरं असेल तेवढंच बोलायची खोड आत्ताही सुटली नाही.

"नाही हो. बोलूच दिलं नाही."

मशीनची घरघर ऐकू येत राहिली. "बरं," ते म्हणाले. "तू वाईट वाटून घेऊ नकोस." मग तोंड फिरवून, पण स्पष्ट ऐकू येईल असं, "सिस्टर, शनिवारपासून माझी वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"अहो!" बाई ओरडल्या. "अहो, असं करू नका. मी काहीही करीन, मी गाडीच विकते. ऐका ना, अहो!"

कापड दुकानदार त्रासून मागे वळला.

"बाई, फोनवर बोलायचं तर बाहेर जा की. इथं आमच्या पोटापाण्याचा प्रश्न चाललाय."