ऐकायचा फोन

ट्रंक एक्स्चेंजमध्ये शामला रामटेके यांच्या टेबलावरचा फोन फक्त ऐकण्यासाठी होता. ऑपरेटर मुली कॉल नीट जोडतात की नाही, ते त्या त्यावर तपासत. गेल्या आठवड्यात साहेबांनी त्याला एक बटण बसवलं. चूक दिसली तर ते दाबून मधेच बोलता यावं, दुरुस्ती करता यावी म्हणून.

दुपारी उमरेडकडच्या खाणीचा कॉल लागला.

"पाणी भरून राहिलं. माणसं खाली पाठवू नका."

"पाठवा," मधेच एक बाई म्हणाली.

"बरं," पलीकडून उत्तर आलं.

शामलाताईंचा हात बटणावर नव्हता. आवाज मात्र त्यांचाच होता.

त्यांनी बटण दाबलं. "पाठवू नका! एकही माणूस नको!" पलीकडच्याकडून तेच दोनदा वदवून घेतलं, मगच बटण सोडलं.

समोरच्या बोर्डावरची ऑपरेटर वेणू वळली. "ताई, काहून असं उलटसुलट बोलून राहिल्या?"

"मी नाही वं ते. सगळ्या लाइनी काढ या फोनातून."

वेणूने प्लग उपसले. शामलाताईंनी पक्कड घेतली आणि बोलायची तार कापली. मग रिवाजाप्रमाणे टेस्टिंगसाठी रिसीव्हर कानाला लावला, ओठ घट्ट मिटले.

बोर्डाकडे तोंड करून वेणूने हेडसेटवर विचारलं, "हॅलो, टेस्टिंग. ताई?"

"तपासलं मी," शामलाताईंच्या कानात त्यांचाच आवाज म्हणाला. "आता काही धोका नाही. सगळ्या लाइनी जोड."

"बरं, ताई." वेणूने पहिला प्लग उचलला.

'थांब' म्हणून ओरडायला शामलाताईंनी तोंड उघडलं. खोलीत आवाजच उमटला नाही.

"लवकर वं," रिसीव्हर म्हणाला.