तनुजा घरी आली

पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत दिवसरात्र राबून तनुजा पार करपली होती. शेवटी नोकरी सोडून ती मेडशीला आली, तेव्हा गिरजाबाईनं सगळ्यात आधी लेकीला अंगणात पुढ्यात बसवलं आणि तिच्या टाळूवर तेल थापलं.

"केसं हायेत का तुरीच्या वाळेल तुराट्या?"

तनुजा हसली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीतला हरीओम होता. "काकू, तनुजाला घरी बोलवून घ्या. ती खुर्चीवरून उठतच नाहीये."

"कायले मजाक करतं बाबू? ते माह्या पुढ्यात बसेल हाय."

"मग तुम्हीच बोला तिच्याशी."

"आई," फोनमधून तनुजाचाच दमलेला आवाज आला, "एवढं संपलं का येतोच मी."

गिरजाबाईची तेलकट बोटं केसांतच थांबली.

पुढ्यातल्या तनुजानं मान न वळवता हळूच विचारलं, "ते येतो म्हणते का, आई?"