रिकाम्या गाद्यांपुढची तालीम

आमच्या गाद्यांच्या दुकानाच्या बातम्या दादा पूर्वी वर्तमानपत्रांना पाठवायचा. छापून यायच्या, पण वाचतंय कोण! आता मी त्याला मोबाइलसमोर उभं करते आणि लाइव्ह दाखवते. बिचाऱ्याची दातखिळी बसते, म्हणून आधी मोबाइल बंद ठेवून रिकाम्या गाद्यांपुढे त्याची तालीम घेते.

एकदा तालमीत त्याने गादीवर कोलांटी मारली आणि धपकन जमिनीवर आला. लाइव्हमध्ये आम्ही कोलांटी गाळली. तरी व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "दादा, कोलांटी का गाळलीत? हसून हसून पोट दुखलं आमचं."

"कुणाला सांगितलंस?" दादाने विचारलं.

"मी? मला वाटलं, तूच बढाई मारलीस."

पुढे हे नेहमीचंच झालं. तालमीत फसलेला प्रत्येक विनोद कुणीतरी व्हिडिओखाली आठवणीने लिहायचं. खरं सांगू? आम्हाला मजाच यायला लागली. गिऱ्हाइकं वाढली, दादाची भीड चेपली.

आज तो म्हणाला, "आता तालीम कशाला? सरळ लाइव्हच जाऊ."

माझ्या हातातला बंद मोबाइल आपोआप उजळला. "तालीम नाही? आम्ही तर येऊन बसलोय."

दादाने ते वाचून समोर पाहिलं. पुढच्या गादीवरचं प्लॅस्टिक चुरचुरलं आणि गादी मधोमध दबली. मग शेजारची. मग मागची अख्खी रांग, नाटकाआधी खुर्च्या भराव्यात तशी.

दादाचा चेहरा खुलला. त्याने बाह्या सरसावल्या आणि कोलांटी मारली.

सगळ्या गाद्या गदागदा हलू लागल्या.