तोंडातला घोट

गुणाबाईच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. देगलूरला मिरचीचा भाव उतरला. चर्चच्या घंटेचा दोर झिजलाय. लातूरची बस आज वेळेवर आली.

बसमधून विनीता उतरली, एकच पिशवी घेऊन. माहेरच्या घरात शिरल्यावर तिनं डोक्यावरची ओढणी मागं सारली. केसांच्या कडेला टाके होते.

"नवऱ्यानं मारलं, लाटण्यानं," ती म्हणाली.

तिचा बाप संगप्पा उठला, माठाकडं गेला आणि पाण्याचा एक घोट तोंडात धरून बसला.

हे घरात सगळ्यांना ठाऊक. विनीता दोन वर्षांची होती तेव्हा त्याचा हात बायकोच्या, गुणाबाईच्या कानशिलावर पडला. कान गेला तो गेलाच. पुढच्या रविवारी त्यानं चर्चमध्ये सगळ्यांपुढं उभं राहून कबुली दिली. तेव्हापासून राग आला की घोट घ्यायचा, आणि राग उतरल्याशिवाय गिळायचा नाही. पुन्हा हात उठला नाही, आवाजसुद्धा नाही. पाळकसाहेब संयमावर बोलायला लागले की सगळी मंडळी मागं वळून संगप्पाकडं बघते.

सासरहून विनीताचा दोनदा फोन आला, तेव्हाही त्यानं घोट घेतला होता. मग शांतपणे म्हणाला होता, "सहन कर बाळा. प्रार्थना कर."

आताही गाल फुगलेले.

"घ्या, लागलं झाकण!" विनीता म्हणाली. "बा, तिकडं त्यो वरडतो, हिकडं तुमी बोलत न्हाई. माझ्या बाजूनं कुणी वरडायचं?"

गुणाबाईनं उजवा कान पुढं केला होता. "असं बोलू नको माय. त्या घोटावर हे घर उभं हाय."

"हाव. लई चांगलं घर हाय. मी कुठं उभं ऱ्हाऊ?"

तोंड उघडलं तर जुना संगप्पा बाहेर येईल, ही भीती त्याला इतकी वर्षं होती. टाक्यांकडं बघवेना. तो दारात गेला आणि पाणी अंगणात थुंकला.

"माझी लेक हाय ती!"

आवाज फाटला. कोंबड्या पांगल्या. समोरची धोंडाबाई सूप हातात घेऊनच बाहेर आली.

"माझी लेक हाय!"

मग ओरडणं संपलं, नुसतं रडणं उरलं. तो आत वळला. त्याचे दोन्ही हात विनीताच्या डोक्याभोवती होते, टाके चुकवून.

"न्हाई धाडत तुला. न्हाई धाडत."

"हळू बोला," गुणाबाई डोळे पुसत म्हणाली. "मलाबी ऐकू येऊन राहिलंय."

विनीता दीड वर्षाची असताना तापानं फणफणली होती. तिला खांद्यावर टाकून जुना संगप्पा सात किलोमीटर पळत दवाखान्यात गेला होता, वाटभर मोठ्यानं रडत.