उजव्या हातातली तलवार

चौथ्या कादंबरीचा नायकही डावखुरा निघाला, तेव्हा चित्रकाराने चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकदा झालं तर योगायोग म्हणावा. पण सरदार डावखुरा, खलाशी डावखुरा, राजाचा हेर डावखुरा, आणि आता हा घोडेस्वारही लगाम उजव्या हातात धरून डाव्या हाताने तलवार उपसत होता.

त्याने जुनी मुखपृष्ठं काढून ओळीने मांडली. सगळी त्यानेच ऐन तारुण्यात रंगवलेली. दाढीमिशांनी झाकलेला नायक, एक पाय पुढे, एक खांदा किंचित खाली आणि तलवार उजव्या हातात. एकूण एक पुस्तकावर उजव्याच हातात. चित्रकाराने कपाळावर हात मारून घेतला.

यातलं एकही पुस्तक त्याने तेव्हा वाचलं नव्हतं. धंद्याची रीतच तशी होती. हस्तलिखित छापखान्यात जुळणीला गेलेलं असायचं. प्रकाशक खुर्चीत रेलून गोष्ट दोन-चार वाक्यांत उरकायचे आणि वर सांगायचे, किल्ला दाखव, घोडा दाखव, बाई देखणी काढ. छापून आल्यावर वाचायला त्याचा हात कोणी धरला नव्हता. पण या सगळ्या कादंबऱ्यांच्या लेखिकाबाई ज्या कोणासाठी एवढा जीव ओतून लिहीत होत्या, त्या भाग्यवंताची गाठ घ्यायची त्याला इच्छा नव्हती.

बाई प्रुफं द्यायला कार्यालयात यायच्या. हा खिडकीशी चित्रांचा फळा मांडून बसलेला असायचा. त्या आल्या की याची दातखीळ बसायची. एकदा त्या मागे उभ्या राहून त्याचा हात बघत होत्या. डाव्या हाताने लिहिताना शाई फिसकटत नाही का, असं त्यांनी विचारलं. फिसकटते, असं म्हणून त्याने तळहाताची काळी झालेली कड दाखवली. एवढंच. तेवढ्या बोलण्यावर गड्याने उभं आयुष्य काढलं. लग्नाचा विषय निघाला की तो गच्चीवर जाऊन बसायचा. कपाटाच्या आरशासमोर एकदा वहिनीने त्याला पकडलं तेव्हा ती म्हणालीही होती, "भावजी, आरशात बघून राजकन्या मिळत नाही. घराबाहेर पडावं लागतं."

आता वहिनी नव्हती, प्रकाशकही नव्हते. त्यांची मुलगी सगळं बघत होती. तिने नव्या आवृत्त्या काढायचं ठरवलं आणि मुखपृष्ठांचं काम काकांशिवाय कोणाला द्यायचं नाही असा हट्ट धरला. अट एकच घातली, या वेळी आधी वाचा.

त्याने तिला फोन लावला आणि तलवारीचं विचारलं. ती हसली. वाचकांची ती जुनीच तक्रार होती म्हणे. बाबा दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करून घेणार होते, पण बाईंनीच अडवलं. चित्रकाराने विचार करूनच काढलं असेल, राहू द्या, असं म्हणाल्या.

फोन ठेवून त्याने पाचवी, शेवटची कादंबरी उघडली. अर्ध्यावर नायिका जखमी नायकाचा डावा हात हातात घेते. त्या हाताच्या कडेला शाईचा डाग असतो आणि धुऊनही तो जात नाही. चित्रकार त्या ओळीपाशी थांबला. लढाईतून आलेल्या माणसाच्या हाताला शाई लागायचं काही कारण नव्हतं. त्याने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हाताऱ्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही.

नवी चित्रं बघायला बाई त्याच्या घरी आल्या. केस पांढरे, हातात काठी, बघणं मात्र तेच, माणसाची वाचा घालवणारं. त्याने चित्रं टेबलावर पसरली. प्रत्येकात तलवार डाव्या हातात होती. बाईंनी एकेक चित्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"म्हणजे आता वाचलंत," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली.

"मी दर पुस्तकात विचारत होते. आणि दर वेळी तुम्ही तलवार उजव्या हातात द्यायचात. म्हटलं, माणूस भला आहे, तोंडावर नाही म्हणवत नाही त्याच्याने. शेवटी मी लिहायचंच सोडलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. सांगायचं तर किती होतं, पण दातखीळ जुनी होती, ऐन वेळी हजर झाली. बाई काठी सावरून उठायला लागल्या. आज या दारातून गेल्या तर त्या नकार घेऊनच जाणार, हे त्याला लख्ख कळलं.

तो उठला. टेबलावरची लांब फूटपट्टी त्याने डाव्या हातात घेतली आणि कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभा राहिला.

"नायक म्हणून उभं करायला माझ्याकडे दुसरं कोण होतं?" तो म्हणाला. "इथे उभा राहायचो. दिसायचं तसं काढायचो. वर दाढीमिशा चढवायचो, तुम्ही ओळखू नये म्हणून."

त्याने एक पाय पुढे टाकला, फूटपट्टी उगारली. खांदा आपोआप खाली गेला.

बाईंनी वळून आरशात बघितलं. तिथे त्यांच्या सगळ्या मुखपृष्ठांवरचा नायक उभा होता, केस पिकलेला, दाढीमिशा उतरवलेला, तलवार उजव्या हातात धरून.