दादाच्या प्लेटलेट्स

यंत्र केकाटलं तेव्हा रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईच्या हातून पेन गळून पडलं. तपासणीच्या बाटलीत जंतू वाढले होते, आणि त्याच प्लेटलेट्सची पिशवी नुकतीच मुलांच्या वॉर्डात गेली होती.

तिने फोन उचलला. "सिस्टर, ती पिशवी लावू नका!"

"अहो, नळी जोडतेच आहे."

"काढा आधी! जंतू आहेत त्यात!"

वॉर्डातली सहा वर्षांची पोर थोडक्यात वाचली. तंत्रज्ञ बाई मात्र खुर्चीत मटकन बसली.

प्लेटलेट्स तिच्या सख्ख्या भावाच्या होत्या. परवा त्याचा हात तिनेच पुसला होता. औषध लावायचं, हात पूर्ण वाळू द्यायचा, मगच सुई, असा नियम. पण दादा गप्प बसेल तर ना! "अगं, हात पुसतेस की भांडी घासतेस?" ती हसली आणि हसता हसता सुई घातली. वाळला होता का हात? देव जाणे. कातडीवरचे जंतू सुईबरोबर आत गेले असणार, दुसरं काय!

तिने घाबरतच दादाला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं रक्त नासकं निघालं होय?"

"तुझं नाही रे, माझे हात नासके. नोकरी जाणार बघ माझी."

"जाऊ दे गेली तर. माझ्या पानातलं जेव. नाहीतरी हल्ली मला जेवण जात नाही."

"चेष्टा पुरे, दादा. ती पोर गेली असती रे!"

कोणता जंतू, ते कळायला दोन दिवस लागणार होते. दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. एकच धावा चालला होता: देवा, कातडीवरचा नसू दे. माझी चूक नसू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी जंतुतज्ज्ञ डॉक्टरांनी बोलावलं. ती लगोलग गेली.

"तुमची काही चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "हा कातडीवरचा जंतू नाहीच."

तिला रडूच फुटलं. सुटले बाई एकदाची! "डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू..."

"माझे कसले उपकार?" डॉक्टर अहवाल चाळत राहिले. "हा आतड्यातला. तिथे कॅन्सरची गाठ असली की पुष्कळदा हाच रक्तात उतरतो. त्या रक्तदात्याला आजच बोलावून घ्या. आणि हो, त्याच्या घरचं कुणीतरी सोबत असू द्या."